डावी मिशी, चार कांडी

प्रा. नामदेव टेमघरे यांच्या जाण्यानं कीटकशास्त्रात कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली आहे. हे वाक्य माझं नाही. ते कोळवणच्या एसटी थांब्यासमोर लागलेल्या फ्लेक्सवर होतं आणि त्याखाली, पोकळीबद्दल दुःख झालेल्या चौदा जणांचे हसरे फोटो होते. सरांनी तो फ्लेक्स वाचला असता तर चष्मा कपाळावर ढकलून एवढंच विचारलं असतं, "किती मिलिमीटर?" कारण दशांश चिन्हाच्या पुढे निदान एक आकडा असल्याशिवाय त्यांच्या लेखी कुठल्याच विधानाला अर्थ नव्हता. आणि खरं सांगायचं तर शास्त्रात पोकळी झालीच असेल, तर ती त्यांच्या जाण्यानं झालेली नाही. ती त्यांनी जिवंतपणी, पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हातानं करायला घेतली होती. त्या कामाचं इंग्रजी मी तपासून दिलं होतं, म्हणून मला माहीत.

बातमी आली ती सकाळी साडेसहाला, फोनवरून. सुलावहिनींचा आवाज नेहमीसारखाच होता. "लेलेभाऊजी, हे उठंना झालेत." माझं घर त्यांच्या घरापासून दोन बांध पलीकडे. मी पोहोचलो तेव्हा सर उताणे, शांत पडलेले होते आणि चेहऱ्यावर एखाद्या विद्यार्थ्यानं चुकीचं पण रंजक उत्तर दिल्यावर यायचा तसा भाव होता. दुपारी स्मशानात संपतशेठ बोलले. संपतशेठ हे आमचे माजी सरपंच. बारसं असो की दहावा, त्यांच्या हातात माईक गेल्याशिवाय गावातला कार्यक्रम पुरा होत नाही. ते म्हणाले, "जगात लाखो गावं हायेत. पण ढेकणाला नाव दिलंय ते फक्त आपल्या गावाचं. आन् ते दिलं आपल्या सरांनी." माणसं माना डोलवत होती. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, मी रडतोय... तसं थोडं होतंही. पण मुख्य अडचण अशी होती की, ते नाव काढून टाकण्याचा प्रस्ताव सरांनी दोन महिन्यांपूर्वीच रजिस्टर पोस्टानं पाठवला होता आणि संपतशेठनी त्यावर लेखी हरकत घेतली होती.

आमची ओळख तीस-पस्तीस वर्षांची. पुण्यातल्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल होतो आणि सर तिथं प्राणिशास्त्र शिकवायचे. जन्म कोळवणचा, घरची भातशेती, रोज पहाटेच्या एसटीनं पुण्याला आणि संध्याकाळच्या एसटीनं परत. शहरात खोली घ्या म्हणून सहकारी आग्रह करायचे. सर म्हणायचे, "शहरात ढेकूण एकाच प्रकारचा मिळतो." त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी बूच लावलेल्या काचेच्या नळ्या असत, आणि एकदा पिरंगुटच्या घाटात, भरलेल्या गाडीत, त्यातलं एक बूच निघालं. झाडांवरच्या या ढेकणांना डिवचलं की ते जो वास सोडतात, तो साधारण सडलेल्या कोथिंबिरीसारखा असतो. कंडक्टर ओरडला, "कोथिंबीर कुणाची नासलीय? बाहेर टाका." सर उभे राहिले आणि त्यांनी सगळ्या गाडीला समजावून सांगितलं की हा वास ढेकणाच्या मधल्या आणि मागच्या पायांच्या मुळाशी असलेल्या छिद्रांतून येतो, पिलांना तीच सोय पाठीवर असते, आणि कोथिंबिरीशी असलेलं साम्य योगायोगाचं नाही, द्रव्यं जवळपास तीच. कंडक्टरनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मास्तर, एवढं हाय तर फोडणीला घाला. गाडीत कशापायी?" त्या दिवसापासून मागच्या खिडकीची जागा सरांसाठी राखीव झाली. मानानं नव्हे, सुरक्षिततेसाठी.

निवृत्तीनंतर मी कोळवणला लहानसं घर बांधलं ते त्यांच्याच सांगण्यावरून. आल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात, ऑक्टोबरच्या लख्ख उन्हात, सर मला बांधावर दिसले. एका हातात उघडलेली छत्री, तीही उलटी, निरगुडीच्या झुडपाखाली धरलेली; दुसऱ्या हातात काठी, आणि काठीनं झुडपाला शिस्तीत बडवणं चाललेलं. रस्त्यावरनं जाणारी जीप हळू झाली. ड्रायव्हरनं मान बाहेर काढली. "सर, पाऊस खालनं येणार हाय व्हय?" सर झुडपावरची नजर न काढता म्हणाले, "येईल. थांब तू." जीप खरोखरच दोन मिनिटं थांबली. झुडूप बडवलं की त्यावरचे किडे टपाटप छत्रीत पडतात, ही जगभर मान्य असलेली पद्धत आहे हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला फक्त एवढंच वाटलं की, आपण घर घेण्यात घाई केली.

त्यांच्या पडवीत बसून मी जे शिकलो ते कुठल्याही ग्रंथालयात शिकलो नव्हतो. ढेकूण म्हणजे गादीतला, ही आपली समजूत. तो तर या प्रचंड खानदानातला एक बदनाम भाऊबंद. बाकीचे बहुतेक झाडांचा रस पिऊन गुमान जगतात. या सगळ्यांना तोंडाच्या जागी सोंड असते, कामावर नसताना ती छातीखाली दुमडून ठेवलेली, आणि त्या सोंडेच्या म्यानात केसाहून बारीक सुया. पुढचा पंख अर्धा चामड्यासारखा जाड आणि टोकाकडे अर्धा कांद्याच्या पापुद्र्यासारखा. सर म्हणायचे, "निसर्गाला कोट शिवायचा होता, कापड पुरलं नाही." सरांचं आयुष्य गेलं ते यातल्या एका कुळात. या कुळातल्यांच्या पाठीवर मधोमध मोठी त्रिकोणी ढाल असते, म्हणून सर त्यांना ढालकरी म्हणत. खांद्याचे कोन कुणाचे बोथट, कुणाचे काट्यासारखे. ढाल कुणाची आखूड, कुणाची थेट शेपटापर्यंत. पावलांना कांडी तीन. आणि ओळखीची सर्वांत सोपी खूण म्हणजे मिशी. बाकीच्या चुलत कुळांत मिशीला बहुधा चार कांडी असतात, ढालकऱ्यांना पाच. "मिशी मोजल्याशिवाय कुणालाही पाहुणा म्हणू नका," हे त्यांचं वर्गातलं आवडतं वाक्य. मी एकदा म्हटलं, की हे लग्नाच्या बैठकीत बोलल्यासारखं वाटतं. ते म्हणाले, "बैठकीत नुसत्या मिशा बघतात. कांडी मोजत नाहीत, म्हणून पुढे भानगडी होतात."

या वाक्याची परतफेड त्यांना पुढे करावी लागली. ती कशी, ते सांगतो. फार वर्षांपूर्वी त्यांनी घरामागच्या बांधावरनं गोळा केलेल्या ढालकऱ्यांची एक पेटी भिंगाखाली घेतली. पकडताना, टाचणी लावताना नीट पाहणं झालं नव्हतं. मधे दोन पावसाळे गेले होते. त्यात कडेला एक तपकिरी, काटेरी खांद्यांचा ढेकूण होता. उजवी मिशी तुटलेली, सापडली नाही. डावी शाबूत, आणि तिला कांडी चार. ढालकऱ्याला चार कांडी... सरांनी ती म्हणे अकरा वेळा मोजली. मग त्यांनी पुराव्यांसह निबंध लिहिला, तो परदेशातल्या नियतकालिकात छापून आला, आणि जगातल्या ढेकणांच्या यादीत एका जातीची भर पडली. नाव ठेवलं कोळवणेन्सिस. मूळ नमुन्याला लावतात तशी लाल चिठ्ठी त्या ढेकणाच्या टाचणीला लागली. सर इतर अनेकांची कामं तपासायचे, दुरुस्त करायचे, पण सबंध यादीत त्यांच्या स्वतःच्या नावापुढे जी जात होती ती एवढी एकच.

गावाला हे कळलं तेव्हा आधी ग्रामसभेत निषेध झाला. गावात एवढे पैलवान होऊन गेले, आणि गावाचं नाव द्यायला सापडला कोण, तर ढेकूण. "उद्या पोरींना स्थळं यायची न्हाईत," असंही एकानं बोलून दाखवलं. पण पुढे पुण्याच्या एका वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, आणि छापलेल्या ओळींचा आपल्याकडे जो परिणाम होतो तो झाला. संपतशेठ बाहेरच्या पाहुण्यांना शेतजमीन दाखवायला आणत तेव्हा ओढा, डोंगर आणि रस्त्याचं अंतर दाखवून झाल्यावर सांगू लागले, "आन् हितला ढेकूण आंतरराष्ट्रीय हाय." जमीन बघायला आलेली माणसं यावर जरा गप्प होत.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. मी चहाला गेलो होतो. वहिनी पडवीत तांदूळ निवडत होत्या आणि सर जुन्या पेट्या काढून बसले होते. बराच वेळ भिंगातून बघून ते म्हणाले, "ही मिशी कुणी चिकटवली?"

"कुटली?" वहिनी ताटातनं मान वर न काढता म्हणाल्या.

"ही. लाल चिठ्ठीच्या शेजारचा. मिशीच्या बुडाशी डिंक दिसतोय."

"दिसतोय तर असंल."

"सुले."

वहिनींनी दोन खडे वेचून बाजूला टाकले. "म्याच चिकटवली."

मग सगळं हळूहळू बाहेर आलं. "तुमी पुण्याला पेपर तपासाया गेलता. पावसाळा तोंडावर आल्ता म्हणून डांबराच्या गोळ्या ठेवाया पेटी उघडली. तर पदर लागला न् त्या कडंच्याची एक मिशी पडली. म्हटलं, तुमी वरडाल. शेजारचा आधीच एका मिशीचा हुता, मग त्याला लावली. त्याला गरज हुती."

"आणि ज्याची पडली त्याला का नाही लावली?"

"त्याला काय, एक हुती की."

सर पुन्हा भिंगावर वाकले. "कडेचा म्हणजे लाल चिठ्ठीचा?" मी विचारलं.

"तवा कुटं चिठ्ठी हुती, भाऊजी? चिठ्ठी यांनी मागनं लावली. तवर मी इसरूनबी गेलते. मग छापून आलं, हे पेढे घिऊन आले. पेढे वाटणाऱ्या माणसाला काय सांगायचं? आन् कुणी इचारलं तर सांगणार ना. आज इचारलं, आज सांगितलं."

सरांनी भिंग माझ्याकडे सरकवलं. "लेले, मोजा." मी मोजली. पाच. "परत मोजा." परत पाचच. मग त्यांनी अगदी वर्गातल्या आवाजात मला समजावलं. ढेकणाचं पिलू कात टाकत टाकत वाढतं. लहानपणी त्याची मिशी दुखावली, मुंगीनं म्हणा, कोळ्यानं म्हणा, तोडली, तर पुढच्या कातींमध्ये ती भरून येते खरी, पण एक कांडं कमी घेऊन येते. उजव्या मिशीला पाच कांडी होती याचा अर्थ हा ढेकूण नवा नव्हता, निराळाही नव्हता. बांधावरच्या वालावर असतात त्यांच्यातलाच एक, लहानपणी मार खाल्लेला. बोलून झाल्यावर त्यांनी पेटीचं झाकण लावलं. मग म्हणाले, "म्हणजे मी एका जखमेला नाव दिलं..." आणि चहा मागितला.

मला आजवर अनेक विद्वान भेटले, कारण ग्रंथालयात ते पंख्याखाली बसायला येतात. चूक सापडल्यावर त्यांचं काय होतं ते मी पाहिलेलं आहे: बहुधा ते एक नवा लेख लिहून तीच चूक अधिक विस्तारानं मांडतात. सरांपुढेही वाट मोकळी होती. ही गोष्ट पडवीतल्या तिघांनाच ठाऊक होती. वहिनी तर म्हणाल्याच, "र्‍हाऊ द्या ना. ती मिशी मी काढून टाकते. कुणाला कळतंय." सर आठ दिवस पडवीत आले नाहीत, छत्री खुंटीलाच होती. त्या आठवड्यात मला दारापर्यंत सोडायला आलेल्या वहिनी हळूच म्हणाल्या, "भाऊजी, जन्मभर किडं धरलं त्यांनी. एक गोष्ट त्यांच्या नावावर झाली. ती माझ्या पदरानं गेली." मी आपला बांधावरून घरी आलो.

नवव्या दिवशी सर चार टंकलिखित पानं घेऊन माझ्याकडे आले. कोळवणेन्सिस ही वेगळी जात नसून जुन्याच एका जातीत ती विलीन करावी, चूक लेखकाची आहे, एकाच मिशीवरून निष्कर्ष काढायला नको होता. इंग्रजी तपासताना मी एका वाक्याशी अडखळलो: "उजवी मिशी शेजारच्या नमुन्यावर स्थलांतरित केल्याचे संग्रह-साहाय्यक श्रीमती एस. एन. टेमघरे यांनी नोंदवले, याबद्दल लेखक त्यांचा ऋणी आहे." मी म्हटलं, "ऋणी?" सर म्हणाले, "मग काय लिहू, पदर लागला?" मी एक स्वल्पविराम काढला. जाताना ते उंबऱ्यात थांबले. "मुलांचे मी अर्ध्या-अर्ध्या कांड्यासाठी मार्क कापलेत, लेले. झोप लागली पाहिजे ना." एवढंच. यापेक्षा मोठं वाक्य त्यांनी या विषयावर केलं नाही.

अडचण एकच होती. पुढच्याच रविवारी गावातर्फे त्यांचा नागरी सत्कार ठरला होता, तोही त्याच ढेकणाबद्दल. सरांनी संपतशेठना जाऊन सांगितलं की कारणच उरलेलं नाही. संपतशेठ म्हणाले, "सर, मंडप सांगितलाय." त्यामुळे सत्कार झाला. फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला. शालीची घडी उलगडताना ती मंडपाच्या पंख्यात जाता जाता वाचली. संपतशेठ वीस मिनिटं बोलले. त्यात ढेकूण दोनदा आला, संपतशेठ स्वतः बरेचदा. मग सर उठले आणि तीन मिनिटांत म्हणाले, "कोळवणचा म्हणून जो ढेकूण मी सांगितला, तो वेगळा नाही. तो साधा आहे. त्याची मिशी लहानपणी दुखावली होती. मला ते ओळखता आलं नाही. चूक माझी आहे, आणि ती दुरुस्त करायला मी पत्र पाठवतोय." टाळ्यांचा कडकडाट झाला. संपतशेठनी माईक घेतला आणि भरल्या आवाजात म्हणाले, "बघा. केवढा ह्यो साधेपणा." सरांनी माईक परत मागून घेतला आणि तेच पुन्हा, सावकाश सांगितलं. या वेळी टाळ्या जास्त वेळ चालल्या.

पहिल्या रांगेत बसलेल्या बबनतात्या शेतकऱ्याला मात्र बरोबर कळलं. तात्यांनी उठून विचारलं, "म्हंजी गावाचं नाव कमी होणार व्हय?" सर म्हणाले, "हो." मंडप एकदम गार झाला. मग तात्या म्हणाले, "आसं कसं? नोटीस न्हाई, काय न्हाई. हरकत घ्या."

बाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं की, आमच्या खोऱ्यात जमिनी हातोहात फिरतात, आणि उताऱ्यावरनं नाव कमी होणं म्हणजे काय हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. नोंद धरली की आधी नोटीस, मग मुदत, मुदतीत हरकत. हरकत घेतली की काम अडकतं; घेतली नाही तर नाव गेलंच म्हणून समजा. हाच न्याय ढेकणाला लागू नसावा असं एकाच्याही मनात आलं नाही. सत्कार तसाच मंडपात संपला आणि त्याच मंडपात ठराव झाला. मजकूर ग्रामसेवकानं लिहिला, मी तो वाचलेला आहे: "सदर ढेकूण हा मौजे कोळवण येथील मूळ रहिवासी असून त्याचा कब्जा व वहिवाट वंशपरंपरागत आहे. सबब त्याचे नाव कमी करण्यास समस्त ग्रामस्थांची सक्त हरकत आहे." खाली एक्केचाळीस सह्या आणि सहा अंगठे. सूचक बबनतात्या, अनुमोदक संपतशेठ. आणि सरांनी, माझ्या डोळ्यांदेखत, तो ठराव आपल्या निबंधाला टाचणीनं जोडून त्याच पाकिटात घातला. मी म्हटलं, "सर, हा कशाला?" ते म्हणाले, "विरुद्ध मत आलं असेल तर जोडावं लागतं. पद्धत आहे." मला आजही सांगता येत नाही की ते चेष्टा करत होते की नाही. चेष्टा करताना आणि शिकवताना त्यांचा चेहरा एकच असे.

त्यानंतर दोन महिने ते मजेत होते. छत्री खुंटीवरनं खाली आली. वहिनींना मात्र तो हलकेपणा लाभला नाही. त्या पेट्यांच्या कपाटाकडे बघेनाशा झाल्या. गोळ्या ठेवायचं काम पहिल्यांदाच सरांनी स्वतः केलं आणि त्या दूर उभ्या राहून बघत राहिल्या. सर गेले, दहावा झाला, तेरावा झाला, आल्यागेल्यांनी ढेकणाचा उल्लेख केला की त्या उठून आत जायच्या. मला एकदा म्हणाल्या, "तोंडानं काय बोलले न्हाईत. पण आतनं लागलंच असणार."

गेल्या आठवड्यात सरांच्या नावे परदेशातनं पाकीट आलं. वहिनी ते घेऊन बांधावरून माझ्याकडे आल्या, पदराला हात पुसला आणि म्हणाल्या, "वाचा. जसंच्या तसं वाचा." संपादकांचं पत्र होतं, सभ्य आणि छोटं. त्यांनी लिहिलं होतं की प्रा. टेमघरे यांचा निबंध काळजीपूर्वक लिहिलेला आहे, पण छापण्याची आवश्यकता दिसत नाही, कारण कोळवणेन्सिस ही जात अठरा वर्षांपूर्वीच रद्द झालेली आहे. एका जाडजूड सूचीच्या चौथ्या खंडात, तळटिपेत. टीप एका ओळीची: एकच मिशी, चार कांडी, बहुधा लहानपणीची इजा, जात वेगळी धरू नये. प्रत्यक्ष ढेकूण न बघता, नुसतं वर्णन वाचून कुणीतरी ते ओळखलं होतं. हा खंड सरांच्या पाहण्यात कसा आला नाही, असा प्रश्न संपादकांना पडला होता. तो आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात नव्हता. हे मला खात्रीनं सांगता येतं, कारण सरांच्या मागणीपत्रावर "उपयुक्तता मर्यादित" हा शेरा माझाच होता. त्या वर्षी आम्ही संस्थापकांचं सचित्र चरित्र घेतलं, सहा प्रती.

पत्रात आणखी एक शंका होती. सोबत जोडलेल्या दुसऱ्या कागदाची भाषा त्यांना समजली नव्हती. त्यावर सह्या केलेले सत्तेचाळीस जण निबंधाचे सहलेखक आहेत काय?

वहिनींनी सगळं ऐकलं. पत्र उलटून त्याची मागची कोरी बाजू पाहिली. "म्हंजी... माझ्या पदरानं न्हाई गेली?"

"नाही वहिनी. तुम्ही सांगितलं त्याच्या कितीतरी आधीच गेली होती. एका मिशीवरनंच गेली."

"सत्काराच्या दिवशी ती नव्हतीच?"

"नव्हती."

"आन् यांनी चार पानं लिवली, गावानं अंगठं दिलं, मी इतकी वर्सं तोंड शिवून बसले..." त्यांचा आवाज फुटला. मला वाटलं, आता त्या रडणार. पण त्या चिडल्या होत्या. "मग एक कार्ड टाकाया काय धाड भरली हुती त्यांना? माणसानं नीज घेतली असती." त्या हे कुणाच्या निजेबद्दल म्हणत होत्या ते मी विचारलं नाही. पदरानं नाक पुसून त्या सरळ बसल्या, आणि मे महिन्यानंतर पहिल्यांदाच मी त्यांना पाय पसरून बसलेलं पाहिलं.

पत्राच्या शेवटी संपादकांनी विनंती केली होती. जात रद्द झाली तरी तिचा मूळ नमुना कायम जपावा लागतो, तसा नियम आहे. तेव्हा तो ढेकूण आपल्या देशातल्या एखाद्या मान्य संग्रहालयाकडे सोपवावा. परवा आम्ही दोघं ते पार्सल घेऊन जीपनं पौडच्या पोस्टात गेलो. पेटीतनं ढेकूण काढून कापसात बसवण्याचं काम वहिनींनी एकटीनं केलं. मी पुढे झालो तर म्हणाल्या, "तुमी हात नका लावू. मिशी पडायची." लाल चिठ्ठीचा आणि त्याच्या शेजारचा, असे दोन्ही त्यांनी जवळ जवळ बसवले. खिडकीतल्या माणसानं विचारलं, "आत काय हाय, मावशी?"

"ढेकूण."

"जित्तं?"

"न्हाई. एक एका मिशीचा, एक उसन्या मिशीचा. दोगांच्या मदी तीन मिशा."

त्यानं आमच्याकडे जरा पाहिलं आणि फॉर्मवर 'शैक्षणिक साहित्य' असं लिहिलं. पार्सल काट्यावर ठेवलं. दोनशे चाळीस ग्रॅम भरलं. त्यात ढेकणांचं वजन किती, ते पोस्टाच्या काट्यावर दिसत नाही.